बर्फातल्या चिठ्ठ्या

‘स्कायरिम’ हा व्हिडिओ गेम मन लावून खेळलेल्या कुणालाही फ्रॉस्टफ्लो दीपस्तंभाबद्दल विचारून बघा. उत्तर किनाऱ्यावर, बर्फाळ समुद्राकडे तोंड करून उभा असलेला एकटा मनोरा. वाटेत दिसला म्हणून आपण आत शिरतो. आत एका बाईचं प्रेत, आणि इकडेतिकडे पडलेल्या वह्या. त्या वाचत गेलं की कळतं, इथे एक खलाशी समुद्र सोडून बायकोमुलांसह राहायला आला होता. बायकोला ही जागा कधी मानवली नाही. मुलं कंटाळली होती. मग तळघरातून कसले कसले आवाज यायला लागले. उंदीर-घुशी असतील असं खलाशाला वाटलं. ते उंदीर नव्हते. तळघराच्या भिंतीपलीकडे बर्फाच्या गुहा आहेत, आणि त्यांत उतरून एकेकाचं काय झालं ते आपण हुडकत जातो. सगळ्यात शेवटी, एका राक्षसी किड्याच्या पोटातून, त्या खलाशाचे अवशेष मिळतात. मेल्यावर आपल्याला दीपस्तंभाच्या आगीत ठेवावं असं त्याने लिहून ठेवलेलं असतं. आपण मुकाट्याने जिने चढतो आणि ते काम करतो. तोवर अख्खं कुटुंब ओळखीचं झालेलं असतं, आणि त्यातल्या एकाशीही आपण शब्द बोललेलो नसतो.

आता दुसरी चिठ्ठी. मे १८५९. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या किंग विल्यम बेटावर लेफ्टनंट विल्यम हॉब्सनला दगडांच्या एका राशीपाशी पत्र्याची नळी सापडली. आत ब्रिटिश नौदलाचा छापील कागद होता. ज्याला सापडेल त्याने तो पुढे पाठवावा, अशी सहा भाषांतली विनंती त्यावर छापलेली. त्याच एका कागदावर, अकरा महिन्यांच्या अंतराने, दोन मजकूर लिहिलेले होते. पहिला २८ मे १८४७चा: ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन्ही जहाजं बर्फात आहेत, सर जॉन फ्रँकलिन मोहिमेचे प्रमुख, सर्व कुशल. दुसरा २५ एप्रिल १८४८चा, कागद वाया जाऊ नये म्हणून समासातून गोल फिरवत लिहिलेला: २२ एप्रिलला जहाजं सोडली, फ्रँकलिन ११ जून १८४७ला वारले, आजवर ९ अधिकारी आणि १५ माणसं दगावली, उरलेले १०५ जण कॅप्टन क्रोझियरच्या हुकमतीखाली किनाऱ्यावर उतरले आहेत. आणि कोपऱ्यात क्रोझियरच्या हातची भर, की उद्या २६ तारखेला बॅक नदीकडे निघतो. जहाजं का सोडली, इतके अधिकारी कशाने मेले, नदीवर पोचून पुढे काय करणार, यातलं काहीच नाही. वर पहिल्या मजकुरात बीची बेटावरच्या हिवाळ्याचं सालही चुकीचं पडलेलं. १०५ पैकी एकही माणूस घरी परतला नाही.

ही दोन वाचनं एकाच जातीची आहेत, असं माझं म्हणणं आहे. कल्पनारम्य व्हिडिओ गेमचा चाहता आणि ध्रुवीय मोहिमांच्या इतिहासाचा चाहता पुष्कळदा एकच माणूस निघतो, हे या पुस्तकाच्या निमित्ताने वारंवार दिसलं. लोक त्याचं कारण ‘बर्फाचं आकर्षण’ असं देतात. ते मला पटत नाही. वाळवंट आणि भुयारं असलेले गेमही लोक तितक्याच आवडीने खेळतात. खरा दुवा आहे तो मागे राहिलेल्या वस्तूंवरून माणसं वाचण्याच्या सवयीचा. कुठल्याही गावात शिरल्याबरोबर प्रत्येक फडताळ उघडून बघणारा, प्रत्येक चिटोरं वाचणारा, सांगाडा कुठल्या बाजूला तोंड करून पडलाय हे टिपणारा असा एक खेळाडू असतो. त्याचे मित्र पुढच्या लढाईला पोचलेले असतात आणि हा अजून कुणाच्या तरी मेजावरची वही वाचत बसलेला. त्याला कुणीतरी फ्रँकलिनची गोष्ट सांगायचा अवकाश. तो गेलाच कामातून.

ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९ मे १८४५ रोजी ग्रीनहाइथहून, थेम्स नदीतून, ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ निघाली. काम होतं अटलांटिकमधून पॅसिफिकला नेणारा, कॅनडाच्या डोक्यावरून जाणारा वायव्य मार्ग पुरा शोधण्याचं. याआधी हीच दोन जहाजं जेम्स क्लार्क रॉसबरोबर अंटार्क्टिकाला जाऊन आलेली होती; तिथल्या रॉस बेटावरचे दोन पर्वत आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. ‘टेरर’ तर त्याहून जुनी. १८१४ साली तिने अमेरिकेच्या मेरीलँडमधल्या बाल्टिमोर बंदरावर तोफगोळे टाकले होते. (ज्या कंपनीने ‘स्कायरिम’ बनवला तिचं ऑफिस त्याच मेरीलँड राज्यात आहे. योगायोगच, पण या विषयाच्या वेडात असले योगायोग गोळा करण्याचा नाद लागतोच.) ग्रीनलंडमधून काही जण परत पाठवल्यावर जहाजांवर १२९ माणसं उरली. तीन वर्षांचा शिधा, वाचनालय, वाजवायला हातऑर्गन, नेपच्यून नावाचा कुत्रा, लेडी फ्रँकलिननी भेट दिलेलं जॅको नावाचं माकड. जुलैअखेर व्हेलशिकारी जहाजांनी त्यांना बॅफिनच्या उपसागरात पाहिलं. त्यानंतर कुठल्याही युरोपीय माणसाने त्यांना जिवंत पाहिलं नाही.

शोध सुरू झाला, वर्षं गेली, आणि १८५४मध्ये नौदलाने या लोकांची नावं पटावरून काढून टाकली. लेडी जेन फ्रँकलिन यांनी ते मानलं नाही. पानिपतानंतर पार्वतीबाईंनी सदाशिवरावभाऊंचं मरण मान्य करायला नकार दिला, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. प्रेताचा पत्ता नसलेल्या मरणातली ही हट्टी, जळती आशा मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको. जेनबाईंनी मात्र त्या आशेवर मोहिमा काढल्या. पदरच्या पैशाने आणि लोकवर्गणीने त्यांनी नौदल अधिकारी मॅक्लिंटॉकला ‘फॉक्स’ जहाज देऊन पाठवलं, आणि त्याच्या हाताखालच्या हॉब्सनला ती नळी सापडली.

मॅक्लिंटॉकच्या मोहिमेने आणखी एक गोष्ट पाहिली. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर घसरगाडीवर चढवलेली एक मोठी होडी, तिच्यात दोन सांगाडे, आणि होडीचं तोंड सोडून आलेल्या जहाजांच्या दिशेला. होडीतल्या सामानाची यादी चाहत्यांना पाठ असते: रेशमी रुमाल, साबण, कंगवे, सपाता, चांदीचे चमचे-काटे, शिशाचे पत्रे, बंदुका, चहा, चॉकलेट, आणि गोल्डस्मिथची ‘व्हिकार ऑफ वेकफील्ड’ ही कादंबरी. उपाशी, आजारी माणसांनी एवढं ओझं बर्फावरून का ओढावं यावर इतिहासकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. ‘स्कायरिम’ खेळणारा ही यादी वाचून आधी हसतो, मग गप्प होतो. कारण तो स्वतः तेच करत आलेला असतो. गेममध्ये अंगावर ठरावीक वजनापलीकडे सामान झालं की धावता येत नाही, पाय ओढत चालावं लागतं. तरी चांदीचा एक चमचा टाकवत नाही. उपयोगी पडेल म्हणून कोण उचलतं? हातातून सुटत नाही म्हणून उचललं जातं. हे उत्तर शास्त्रीय नाही, पण ‘त्यांची डोकी फिरली होती’ या जुन्या उत्तरापेक्षा मला ते जास्त माणुसकीचं वाटतं. शिशाची विषबाधा, डबाबंद अन्नातला दोष, स्कर्व्ही, क्षय अशा कारणांची चर्चा पुढे सविस्तर येईल. इथे त्यात शिरत नाही.

चाहत्यांच्या जगात २०१८ हे साल महत्त्वाचं. त्या वर्षी मार्चमध्ये डॅन सिमन्सच्या २००७च्या कादंबरीवरची ‘द टेरर’ ही दहा भागांची मालिका आली. फ्रँकलिन मोहिमेच्या खऱ्या माणसांमागे ट्यूनबाक नावाचा एक कल्पित राक्षस लावून दिलेली ही गोष्ट. एप्रिलमध्ये ‘फ्रॉस्टपंक’ हा गेम आला: एकोणिसाव्या शतकातलं जग गोठलंय, कोळशावर चालणाऱ्या एका प्रचंड जनित्राभोवती निर्वासितांचं शहर वसलंय, आणि मुलांना कामाला जुंपायचं का, जेवणात लाकडाचा भुसा घालायचा का, हे तुम्ही ठरवायचं. आणि ऑक्टोबरमध्ये लुकास पोपचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. या तिसऱ्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं.

‘ओब्रा डिन’ ध्रुवावर जात नाही. ईस्ट इंडिया कंपनीचं एक व्यापारी जहाज बेपत्ता होतं आणि १८०७मध्ये इंग्लंडच्या फालमथ बंदराला आपलंआपण येऊन लागतं, त्यावर जिवंत कुणी नाही. आपण विम्याचे निरीक्षक. हातात साठ जणांची यादी, एक रेखाचित्र आणि एक जादूचं घड्याळ. मृताजवळ ते उघडलं की त्याच्या मरणाचा क्षण गोठलेला दिसतो. समुद्रराक्षस आहेत, जलपऱ्या आहेत, पण काम अगदी कारकुनी: प्रत्येक चेहऱ्याला नाव द्यायचं, तो कशाने मेला ते लिहायचं. तीन नोंदी बरोबर आल्याशिवाय गेम एकही पक्की करत नाही. नाव कुणी थेट सांगत नाही. झोळीवरचा क्रमांक बघायचा आणि यादीशी ताडायचा. बोलण्याची ढब ऐकायची. कुणाच्या पायात कसले बूट आहेत, कोण कुणाशेजारी उभा असतो, हे बघायचं. यादीत हिंदुस्थानी खलाशी आहेत, चिनी आहेत, आणि ज्यांच्याकडे आपण सुरुवातीला लक्षच दिलं नाही असे हरकामे आहेत. गेम संपवायचा तर त्यांना विसरून चालत नाही.

आता हे बघा. २५ मे १८५९ला मॅक्लिंटॉकला किंग विल्यम बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, खडीच्या उंचवट्यावर, पालथा पडलेला एक सांगाडा सापडला. जवळ कपड्यांचा ब्रश, शिंगाचा कंगवा आणि कागदांचं पाकीट. कागद निघाले ‘टेरर’वरच्या हॅरी पेग्लर या शिडाच्या नाईकाचे, त्यातला काही मजकूर शब्द उलटे लिहून केलेला. म्हणजे हा पेग्लर? पण अंगावरचे कपडे अधिकाऱ्यांच्या खानसाम्याचे होते, आणि गळ्यातल्या रुमालाची गाठ अशी, की साधा खलाशी तशी मारत नाही. मॅक्लिंटॉकने तेव्हाच ते टिपलं. मग पेग्लरचे कागद जिवापाड जपत चाललेला हा त्याचा मित्र कोण? आर्मिटेज, गिब्सन, अशी नावं घेऊन वर्षानुवर्षं वाद झाला. रुमालाच्या गाठीवरून माणूस ओळखू पाहणारा हा वाद ज्याने ‘ओब्रा डिन’ खेळलाय त्याला समजावून सांगावा लागत नाही. त्याची बोटं आपोआप यादीकडे वळतात.

म्हणूनच या चाहत्यांना कप्तानांपेक्षा खालची माणसं जास्त भावतात. जुन्या ध्रुवीय पुस्तकांत फ्रँकलिन, स्कॉट, शॅकल्टन यांचे पुतळे उभे केलेले असतात. बाकीचे म्हणजे ‘इतर मंडळी’. चाहत्याला मात्र एखादा खानसामा, एखादा इंजिनिअर, नौसैनिक, जहाजावरचं पोरगं आपलं म्हणून लागतं. तो त्याच्या गावातला जन्म-मृत्यूचा दाखला धुंडाळतो, वेल्श विग म्हणून ओळखली जाणारी लोकरी कानटोपी स्वतः विणतो, उत्तर आयर्लंडमधल्या बॅनब्रिजला जाऊन चार पांढऱ्या अस्वलांच्या मध्ये उभं असलेलं क्रोझियरचं स्मारक बघून येतो. चित्रं काढतो, कथा लिहितो. यातल्या कित्येक कथा रडव्या आणि पसरट असतात, हे कबूल. पण २०२२मध्ये या मोहिमेतल्या लोकांची पत्रं एकत्र छापली गेली, तेव्हा त्या जाडजूड ग्रंथावर तुटून पडलेल्या वाचकांत मालिकेमुळे आणि गेममुळे या वाटेला लागलेली तरुण मंडळी होती. कागदपत्रं वाचायची गोडी ज्याने लावली तो राक्षस कल्पित होता, एवढ्यावरून नाक मुरडणं मला जमत नाही.

शिवाय ही ‘फॅनफिक्शन’ नवी कुठे आहे? जानेवारी १८५७मध्ये चार्ल्स डिकन्सने विल्की कॉलिन्सकडून लिहून घेतलेलं ‘द फ्रोझन डीप’ हे नाटक स्वतःच्या घरात केलं, आणि बर्फात हरवलेल्या मोहिमेतल्या त्यागी नायकाची भूमिका स्वतः वठवली. त्याच वर्षी राणी व्हिक्टोरियानेही ते पाहिलं. फ्रँकलिनच्या लोकांचं काय झालं हे ठाऊक नसताना, ते कसे मेले असावेत याचं हवं तसं चित्र रंगवून त्यात नटायला मिळावं, ही ओढ आजच्या चाहत्याची तीच. फरक असलाच तर आजच्या चाहत्याच्या बाजूने आहे, कारण डिकन्सच्या हौसेला एक विषारी मूळ होतं.

ते मूळ सांगायलाच हवं. १८५४मध्ये डॉ. जॉन रे या हडसन बे कंपनीच्या माणसाने इनुइट लोकांकडून ऐकलेली हकिगत लंडनला कळवली: गोऱ्या माणसांची एक तुकडी दक्षिणेकडे जाताना उपासमारीने मेली, आणि शेवटी त्यांनी आपल्याच मेलेल्यांचं मांस खाल्लं. पुराव्यादाखल त्याने इनुइटांकडून विकत घेतलेले चांदीचे चमचे, काटे आणि फ्रँकलिनचं मानचिन्हही आणलं. डिकन्सने आपल्या साप्ताहिकात या हकिगतीवर झोड उठवली आणि उलट इनुइटांवरच संशय घेतला. रे याला सर किताब कधीच मिळाला नाही. आणि इनुइट खरं बोलत होते. हाडांवरच्या सुऱ्यांच्या खुणांनी ते विसाव्या शतकात सिद्ध झालं, आणि २०२४मध्ये डीएनएवरून एक खूण असलेला जबडा ‘एरेबस’चा कप्तान जेम्स फिट्झजेम्स याचा असल्याचं निघालं. समासातून गोल फिरणारा तो दुसरा मजकूर त्याच्याच हस्ताक्षरातला.

फिट्झजेम्सवरून एक सांगायचं राहील. मुंबईशी या मोहिमेचं नातं जोडायचा मोह आवरावा असं ठरवलं होतं, पण इथे ते खरंच आहे. पहिल्या अफू युद्धात हा माणूस ‘एचएमएस कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर तोफखान्याचा लेफ्टनंट होता. चीनमध्ये झेनजियांगच्या लढाईत तो जखमी झाला, आणि मालिकेतला फिट्झजेम्स आपल्या सहकाऱ्यांना तीच गोष्ट रंगवून रंगवून ऐकवतो. ‘कॉर्नवॉलिस’ हे जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं, १८१३ साली पाण्यात उतरलेलं. बॅलार्ड पिअरकडे जाताना गोदीच्या भिंतीशेजारून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

इनुइटांकडे परत येऊ, कारण या पुस्तकाचा खरा भार तिथे आहे. गेम खेळणाऱ्याला एक शिस्त अंगवळणी पडलेली असते: गावात गेलं की प्रत्येकाशी बोलायचं. म्हातारीशी, लोहाराशी, पोराशी. गुहेचा रस्ता त्यांनाच ठाऊक असतो. ब्रिटिश नौदलाने ही एवढी साधी गोष्ट केली असती, तर ही जहाजं दीडशे वर्षं हरवलेली राहिली नसती. ज्याने ती केली तो पक्का चाहताच होता. चार्ल्स फ्रान्सिस हॉल हा सिनसिनाटीतला शिक्के कोरणारा, छोटं वर्तमानपत्र चालवणारा माणूस. समुद्राचा अनुभव शून्य. फ्रँकलिनवरचं मिळेल ते वाचून काढलं आणि १८६०मध्ये घरदार मागे ठेवून व्हेलशिकारी जहाजातून निघाला. टूकुलिटो आणि एबिअरबिंग या इनुइट दांपत्याच्या मदतीने त्याने वर्षानुवर्षं लोकांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यात एक अशी, की दक्षिणेला उग्युलिक नावाच्या भागात एक जहाज बुडालं आणि त्याची डोलकाठी पाण्यावर दिसत होती. या साक्षींचं बाड पुढे डेव्हिड वुडमन या पेशाने जहाजी असलेल्या अभ्यासकाने १९९१च्या पुस्तकात नीट लावून दाखवलं. योआ हेवन गावचे लुई कामूकाक यांनी लहानपणी पणजीकडून ऐकलेलं सूत्र धरून पुढची कित्येक वर्षं वडीलधाऱ्यांच्या आठवणी गोळा केल्या. सप्टेंबर २०१४मध्ये ‘एरेबस’ सापडलं, ते लोक सांगत होते त्याच भागात, अवघ्या ११ मीटर पाण्यात. दोन वर्षांनी त्याच गावच्या सॅमी कोगविक यांनी सांगितलं, की काही वर्षांपूर्वी आपल्याला टेरर बे नावाच्या खाडीत बर्फातून वर आलेला एक लाकडी खांब दिसला होता. शोधमोहिमेने आपलं जहाज तिकडे वळवलं, आणि ‘टेरर’ सापडलं. खाडीचं नाव आधीपासून तेच होतं! गेममध्ये असं कुणी लिहिलं असतं तर आपण लेखकाला हसलो असतो.

पण इथेच गेमच्या शिस्तीचं अपुरेपणही दिसतं. गेममधला गावकरी आपल्यासाठी उभा असतो. आपलं काम झालं की त्याचं बोलणं संपतं. इनुइट कुणाच्या शोधकथेतले वाटाडे नाहीत. त्यांच्या भूमीवर अनोळखी माणसं येऊन मेली, काही लाकूड-लोखंड मागे ठेवून गेली, आणि ते लोक आपलं जगत राहिले. एका ठिकाणी पेटीत सापडलेले कागद पोरांना खेळायला दिले आणि ते फाटून गेले, अशी आठवण आहे. चाहता ती ऐकून कळवळतो. पण ज्यांना त्या लिपीशी देणंघेणं नाही त्यांनी ते कागद जपून ठेवायचे कुणासाठी? दुसऱ्या बाजूने बनवलेला गेम कसा दिसतो ते २०१४च्या ‘नेव्हर अलोन’मध्ये पाहावं. अलास्काच्या इन्युपिआक लोकांबरोबर, त्यांच्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन, त्यांच्याच जुन्या कथेवर तो केला गेला. वादळ का थांबत नाही ते शोधायला निघालेली नुना नावाची मुलगी आणि तिचा पांढरा कोल्हा. मध्येमध्ये खऱ्या माणसांच्या छोट्या चित्रफिती उलगडतात: बर्फाचा भरवसा कसा धरायचा, उत्तरेचे झोत दिसले की मुलांना काय बजावतात. थोडा अवघड, थोडा खडबडीत गेम आहे. कोल्हा भलत्या वेळी अडकतो. तरी ध्रुवाच्या वेडाची सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं, तर मी ‘स्कायरिम’च्या आधी हा सांगेन.

आणखी एक भेद. दीपस्तंभातली वही कुणीतरी मेजावर बसून, तुम्ही ती उघडणार हे धरून, तिथे ठेवलेली असते. किंग विल्यम बेटावर कुणी काही ठेवलेलं नाही. वाऱ्याने, कोल्ह्यांनी, गरजवंतांनी आणि नंतर आठवण म्हणून वस्तू उचलणाऱ्यांनी सगळं हलवलं. तीन नोंदी बरोबर आल्यावर शिक्का मारणारं कुणी नाही. सांगाड्यांना चुकीची नावंही चिकटतात: ग्रिनिचच्या स्मारकात ठेवलेला सांगाडा शतकाहून अधिक काळ ल व्हेकॉन्ट या अधिकाऱ्याचा समजला जात होता, २००९मध्ये पुन्हा तपासल्यावर तो बहुधा हॅरी गुडसर या तरुण वैद्याचा असावा असं ठरलं. ज्याला गेमसारखी सगळी उत्तरं हवी असतात तो इथे वैतागतो. मग तो निघून तरी जातो, नाहीतर मोठा तरी होतो. दोन्ही प्रकारचे लोक पाहिले आहेत. जे राहतात त्यांच्यात एक वाईट खोडही पाहिली: नटाचा चेहरा आणि खरा माणूस यांची सरमिसळ. फिट्झजेम्सबद्दल बोलताना पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मालिकेत त्याचं काम करणारा टोबायस मेंझिस असतो, आणि मग अफूच्या युद्धात तोफा डागणारा साम्राज्याचा चाकर हळवा, गैरसमज झालेला तरुण होऊन बसतो. तो हळवाही असेल. तोफा तर त्याने डागल्याच.

आपल्याकडे ध्रुव म्हटलं की लोकांना शाळेतला भूगोल आठवतो. वास्तविक भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१मध्ये गोव्याहूनच निघाली, आणि ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था वास्कोजवळ हेडलँड सडा इथे समुद्राकडे बघत उभी आहे. या मोहिमांवर, तिथे हिवाळा काढलेल्या माणसांवर रसभरीत असं मराठीत फार थोडं लिहिलं गेलंय; गेम तर दूरच. पुस्तकातलं शेवटचं प्रकरण त्या दिशेने आहे आणि ते अपुरं आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. इनुइट नावं शक्य तितकी त्यांच्या उच्चारांजवळ ठेवली आहेत. जुन्या नकाशांवरची इंग्रजी नावं मात्र वाचकाला शोधता यावीत म्हणून तशीच घेतली. गेममधल्या ज्या शब्दांना मराठीत सगळे ‘क्वेस्ट’ आणि ‘सेव्ह’च म्हणतात, तिथे शोधमोहीम आणि जतन करण्याचा आग्रह धरलेला नाही. नरमांसभक्षणाचं प्रकरण लहान मुलांनी वाचू नये असं मला वाटत नाही, पण जेवताना वाचू नये. दोन्ही जहाजांच्या जागा आता कॅनडाचं सरकार आणि इनुइट मिळून सांभाळतात. परवानगीशिवाय तिथे जाता येत नाही, तेव्हा त्या बेतावर पैसे साठवू नयेत. पाणबुडे उन्हाळ्यातल्या थोड्या आठवड्यांत तिथे काम करतात आणि दर मोसमाला काहीतरी वर येतं, त्यामुळे ‘एरेबस’वरच्या वस्तूंची इथली यादी छापून होईतो जुनी झाली असेल. आणि ज्यांनी ‘ओब्रा डिन’ अजून खेळलेला नाही त्यांनी चौथं प्रकरण सरळ सोडून पाचव्यावर जावं. चौथ्यात साठच्या साठ जणांचं काय झालं ते नावानिशी सांगितलंय, आणि तो गेम दुसऱ्यांदा पहिल्यांदा खेळता येत नाही.